न अडवलेला गडी

मिशिगन विद्यापीठाने ॲपलॅचन स्टेट विद्यापीठाला ४ लाख डॉलर दिले होते. आमच्या मैदानावर या, आमच्या लाखभर लोकांसमोर एक सामना खेळा आणि हरून घरी जा, असा तो व्यवहार होता. करारात तसं लिहिलेलं नसतं, पण पैसे देणारा आणि घेणारा दोघेही तसंच धरून चालतात. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये दर सप्टेंबरात असे कितीतरी सामने होतात. मोठ्या विद्यापीठाला घरच्या मैदानावर एक जास्तीचा शनिवार हवा असतो. तिकिटं, पार्किंग, जाहिराती, खाणंपिणं मिळून त्या एका शनिवारी लक्षावधी डॉलर जमतात. तोलामोलाचा प्रतिस्पर्धी बोलावला, तर कधीतरी त्याच्याकडेही खेळायला जावं लागतं. लहान कॉलेज तशी अट घालू शकत नाही. ते येतं, मार खातं, चेक घेतं आणि परत जातं. त्या चेकवर मग वर्षभर कुस्तीचा संघ चालतो, टेनिसचा चालतो, मुलींचा धावण्याचा चालतो.

हे सगळं मला ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव इथे देत नाही. ते असते तर त्यांनी देऊ दिलं नसतं. बून गावात लहानथोर सगळे त्यांना ‘कोच’ म्हणत, मीही कोचच म्हणायचो. मी आज संख्याशास्त्र शिकवतो. आकड्यांकडे पाहण्याची जी काही नजर मला आली, ती कोचच्या घराच्या तळघरात आली. आईवडील आणि रयतेच्या शाळेतले गणिताचे सर यांच्यानंतर माझ्यावर सर्वांत मोठं ऋण या माणसाचं आहे. ते कधीतरी नीट लिहून ठेवावं, असं फार दिवस मनात होतं.

२००६ च्या ऑगस्टमध्ये मी कराडहून बूनला गेलो, गणितात एमएस करायला. नॉर्थ कॅरोलायनाच्या वायव्य भागात, ब्लू रिज डोंगररांगेत, ३,३३३ फुटांवर वसलेलं हे गाव. वस्ती तेरा-चौदा हजारांची आणि विद्यार्थी त्याहून जास्त. १८९९ मध्ये डॉहर्टी घराण्यातल्या दोघा भावांनी डोंगरातल्या मुलांसाठी इथे वटॉगा अकॅडमी काढली. त्या भागातल्या शाळांना शिक्षक मिळत नव्हते, ते इथेच तयार करायचे हा हेतू. त्या शाळेचं पुढे शिक्षकांचं कॉलेज झालं आणि १९६७ मध्ये ॲपलॅचन स्टेट विद्यापीठ. काल्यात निघालेल्या आणि महाराष्ट्रभर पसरलेल्या रयत शिक्षण संस्थेत शिकलेल्या मला ही गोष्ट ऐकल्याक्षणी ओळखीची वाटली. कष्टकऱ्यांच्या पोरांसाठी काढलेल्या शाळेला एक चिवट अभिमान असतो, तो बूनमध्येही होता.

कोच निवृत्त शिक्षक होते. अमेरिकेत हायस्कूलचा फुटबॉल कोच बहुधा त्याच शाळेत एखादा विषयही शिकवतो. हे बीजगणित शिकवायचे. त्यांच्या घराच्या तळघरात एक खोली भाड्याने होती. त्यांनी सांगितलेलं भाडं मी चौकशी केलेल्या इतर खोल्यांच्या निम्मं होतं. माझ्या चेहऱ्यावरचं आश्चर्य त्यांनी पाहिलं असावं. म्हणाले, “उरलेलं कामातून फेड. तू गणिताचा आहेस ना? मला मोजणारा माणूस हवाय.”

काम असं होतं. निवृत्तीनंतरही ते जवळच्या एका हायस्कूलच्या संघाला मदत करत. पुढच्या शुक्रवारी ज्या संघाशी सामना असेल, त्याच्या मागच्या सामन्यांचं चित्रण येई. ते पाहून प्रत्येक चालीची नोंद करायची. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्याकडे, हा त्या खेळाचा कणा. मग कितवा प्रयत्न, किती यार्ड हवे होते, चेंडू मैदानाच्या कोणत्या बाजूला होता, खेळाडू कसे उभे होते, पळाले की चेंडू फेकला आणि हाती काय लागलं. पिवळ्या रेघांच्या वहीत रकाने आखून हे सगळं पेन्सिलीने भरायचं. संगणकावर करतो म्हटलं, तर ते नको म्हणाले. हाताने लिहिलं की डोक्यात राहतं, हे त्यांचं मत. आता मीही विद्यार्थ्यांना पहिली दोन सत्रं तक्ते हातानेच करायला लावतो.

मी आलो तो कोल्हापूरच्या शेजारून. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ, एवढंच मला माहीत. हा दुसराच खेळ होता. सुरुवातीला मला फक्त बावीस माणसं एकमेकांवर आदळताना दिसायची. कोच टेप थांबवून विचारत, “काय दिसलं?” मी चेंडू कुठे गेला ते सांगे. “चेंडू सोड. कडेचा माणूस काय करतोय?” पुन्हा टेप मागे, पुन्हा तीच चाल. रात्री उशिरापर्यंत हे चाले. वरून त्यांच्या पत्नी जेवायला हाक मारत. त्या डोंगरात पिंटो बीन्स आणि मक्याचा पाव हे घराघरातलं जेवण. बीन्स शिजवताना डुकराच्या चरबीचा तुकडा घालतात. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर त्यांनी माझ्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं. मी तिथे होतो तोवर ते पातेलं वेगळंच राहिलं, आणि त्याबद्दल त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. तोंडाने मी त्यांना तिथल्या रीतीप्रमाणे ‘मॅम’ म्हणायचो. घरी फोनवर बोलताना मात्र आपसूक ‘मावशी’ निघायचं.

लहान संघाने मोठ्या संघाशी कसं खेळावं, हा कोचच्या आयुष्यभराचा विषय होता. ते स्वतः साठच्या दशकात एका लहान कॉलेजकडून खेळले होते. एका बलाढ्य विद्यापीठाच्या मैदानावर जाऊन त्यांच्या संघाने असाच मोठा मार खाल्ला होता आणि त्यात त्यांचा गुडघा कायमचा गेला. त्या दिवसाबद्दल ते कडवटपणे बोलत नसत. आपण तिथे ताकदीचा खेळ खेळायला गेलो, एवढंच त्यांना खटकत असे.

मोठ्या विद्यापीठाच्या पहिल्या फळीत तीनशे पौंडांच्या आसपासची पोरं असतात. वरच्या गटातल्या संघाला तेव्हा ८५ शिष्यवृत्त्या देता येत, ॲपलॅचन स्टेट ज्या खालच्या गटात होतं तिथे ६३. म्हणजे मोठ्यांकडे गडी जास्त, दमल्यावर बदली देण्याची सोय जास्त, आणि देशातली सर्वांत धिप्पाड मुलं आधी त्यांच्याच दारात. अशा संघासमोर खांद्याला खांदा लावून दाटीने उभं राहिलं, तर वजनच जिंकणार. कोच वहीच्या कोऱ्या पानावर मैदान काढत आणि आपले गडी या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरून मांडत. समोरच्यालाही मग पसरावं लागतं. दाटीत जे वजन कामाला येतं, ते मोकळ्या रानात धावताना ओझं होतं. याला तिथे ‘स्प्रेड’ म्हणतात.

त्यातली एक चाल मला प्रथम समजली, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. समोरच्या फळीतला सर्वांत टोकाचा गडी, बहुधा तोच सर्वांत घातक, त्याला अडवायचंच नाही. मुद्दाम मोकळा सोडायचा. संघाची चाल चालवणारा क्वार्टरबॅक चेंडू घेतो आणि शेजारून पळणाऱ्या गड्याच्या पोटाशी धरतो. पण नजर असते ती त्या मोकळ्या सोडलेल्यावर. तो पळणाऱ्याकडे झेपावला, तर चेंडू काढून घ्यायचा आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेतून स्वतः पळायचं. तो जागेवर थांबला, तर चेंडू पळणाऱ्याला देऊन टाकायचा. त्याने काहीही ठरवलं तरी ते चुकणार. आणि त्याला अडवण्यात जो एक माणूस खर्च झाला असता, तो दुसरीकडे कामाला आला. गड्यांचा हा साधा हिशेब आहे. ज्याला अडवायची आपली ताकद नाही, त्याच्याशी झुंजण्यात शक्ती घालवायची नाही; त्याला निर्णय घ्यायला लावायचा आणि तो निर्णय वाचायचा. माझ्या एमएसच्या प्रबंधाचा विषय पुढे यातूनच निघाला.

या चालीचा उगमही एका लहान कॉलेजातला. वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, रिच रॉड्रिगेझ कोच होते. एकदा त्यांच्या क्वार्टरबॅकच्या हातून ठरलेली चाल बिघडली आणि चेंडू द्यायचा सोडून तो स्वतःच पळाला. असं का केलंस, असं विचारल्यावर त्याने सांगितलं, की कडेचा गडी आत धावताना दिसला म्हणून. दुसऱ्या कोणी त्याला झापलं असतं. रॉड्रिगेझ यांनी त्या उत्तराची चाल बांधली. पुढे ते वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात गेले. २००३ च्या मोसमानंतर ॲपलॅचन स्टेटचे मुख्य कोच जेरी मूर यांनी आपला सगळा जुना खेळ टाकून द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांची मंडळी याच रॉड्रिगेझ यांच्याकडे शिकायला गेली. मूर तेव्हा पासष्टीला टेकले होते आणि १९८९ पासून त्याच पदावर होते. त्या वयात, त्या पदावर, आपण आजवर करत आलो ते पुरेसं नाही असं म्हणून शिकायला जाणं, याचं आमच्या कोचना विलक्षण अप्रूप होतं. मूर यांच्या विजयांपेक्षा ते त्या शिकायला जाण्याबद्दल जास्त बोलत.

मी आलो त्या मोसमात अर्मांटी एडवर्ड्स हा साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनवुडचा मुलगा पहिल्याच वर्षी क्वार्टरबॅक झाला. अंगाने किरकोळ. मोठ्या विद्यापीठांना तो या जागेसाठी नको होता. मूर यांना हवा होता, कारण त्यांच्या खेळात क्वार्टरबॅकने वाचायचं असतं आणि हा मुलगा वाचत होता. त्या वर्षीचा पहिला सामना नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून १०-२३ असा गेला आणि नंतर एकही गेला नाही. डिसेंबरात चॅटनूगात मॅसॅच्युसेट्सला हरवून सलग दुसऱ्यांदा खालच्या गटाचं विजेतेपद आलं. किड ब्रूअर स्टेडियममध्ये, ज्याला सगळे ‘द रॉक’ म्हणतात, त्या शरद ऋतूत मी कोचच्या शेजारी बसायचो. आजूबाजूला पिवळी-काळी गर्दी ओरडत असायची आणि आम्ही दोघे कडेचा माणूस पाहत असायचो.

१ सप्टेंबर २००७, शनिवार. ४ लाख डॉलरचा तो सामना. मिशिगनचा संघ देशात पाचव्या क्रमांकावर होता. त्यातला जेक लाँग पुढच्या वर्षी व्यावसायिक संघांच्या निवडीत देशात पहिला उचलला गेला, यावरून ताकदीचा अंदाज यावा. त्यांच्या ॲन आर्बरच्या स्टेडियममध्ये त्या दिवशी १,०९,००० वर लोक होते. अख्खं बून सात वेळा मावलं असतं. सामना दाखवणारी दूरदर्शन वाहिनी दोनच दिवसांपूर्वी सुरू झाली होती आणि बहुतेक मोठ्या केबल कंपन्यांनी ती घेतलेली नव्हती. आमच्याकडेही दिसत नव्हती. कोचनी गॅरेजचं दार वर केलं, जुना रेडिओ कामाच्या टेबलावर ठेवला, दोन खुर्च्या मांडल्या आणि माझ्या हातात वही दिली. मावशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेजारचे दोघे-तिघे आले, मग आणखी आले.

मिशिगनने चेंडू आमच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन पहिला टचडाउन लवकर केला. आता चेक वटवायला सुरुवात, असं कोणीतरी म्हणालं, आणि कोचनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. लगेच एडवर्ड्सने फेकलेला चेंडू घेऊन डेक्स्टर जॅक्सन ६८ यार्ड पळत गेला. मध्यंतराला फलक २८-१७ होता, आमच्या बाजूने. त्या मध्यंतरात गॅरेजमध्ये कोणी फारसं बोललं नाही. ज्यांनी आयुष्यभर लहान संघाचा खेळ पाहिला आहे, त्यांना दुसऱ्या अर्ध्यात काय होतं ते ठाऊक असतं. मोठ्या संघाकडे ताजे गडी असतात. आपले तेच गडी दमत जातात. आणि तसंच झालं. आघाडी वितळत गेली. शेवटची पाच मिनिटंही उरली नव्हती, तेव्हा माइक हार्ट ५४ यार्ड पळाला आणि मिशिगन ३२-३१ असं पुढे गेलं. त्यानंतर एडवर्ड्सचा एक चेंडू त्यांनी पकडला. शेजारचा एक जण उठून घरी निघाला.

मिशिगनची फील्ड गोलची किक अडवली गेली. दीड मिनिटाच्या आसपास वेळ उरला होता आणि खेळ थांबवायची एकही संधी शिल्लक नव्हती. तरी एडवर्ड्सने संघ मैदानभर पुढे नेला, आणि २६ सेकंद उरले असताना जूलियन राउशने २४ यार्डांवरून चेंडू खांबांमधून घातला. ३४-३२. तरी संपलं नाही. मिशिगनने एका लांब फेकीत ४६ यार्ड मारले. सहा सेकंद, ३७ यार्डांची किक. कोच उभे राहिले होते. रेडिओवरच्या समालोचकाचा आवाज फाटला, नेमकं काय झालं ते क्षणभर कोणालाच कळलं नाही आणि मग कळलं: कोरी लिंच कडेच्या फटीतून आत घुसला होता आणि चेंडू त्याच्या हातांना लागून पडला होता. ‘एपी’ वृत्तसंस्थेच्या क्रमवारीतल्या वरच्या गटाच्या संघाला खालच्या गटातल्या संघाने हरवण्याची ती पहिलीच वेळ. पुढे ‘एपी’ने आपला नियम बदलला आणि खालच्या गटातल्या संघांनाही मतं देता येतील अशी व्यवस्था केली.

गावात पोरं ‘द रॉक’मध्ये घुसली, तिथला गोलचा खांब उपटला आणि मिरवत कुलपतींच्या घरी नेऊन ठेवला. मी गॅरेजमध्येच घुटमळत होतो. कोच म्हणाले, “तू इथे काय करतोस? जा. हे तुझ्या वयाचं आहे.” मी गेलो. अनोळखी लोकांच्या गळ्यात पडून ओरडलो. त्या रात्रीपर्यंत मी बूनमध्ये राहत होतो. त्या रात्रीनंतर मी बूनचा झालो. परदेशात एकटं राहिलेल्या माणसाला यातला फरक सांगावा लागणार नाही.

पुढे चित्रण हाती आल्यावर आम्ही तो सामना पहिल्या चालीपासून मांडला. सगळं जग त्याला चमत्कार म्हणत होतं. कोचना तो शब्द रुचत नसे. ते मला एकेका चालीत दाखवत, की मिशिगनचा कडेचा माणूस कुठे पाहतो आहे आणि एडवर्ड्स त्याच्याकडे कसा पाहतो आहे. “यांनी तीन वर्षं हेच केलंय,” ते म्हणाले, “फक्त लोकांनी आज पाहिलं.” त्याच डिसेंबरात मिशिगनने नवा मुख्य कोच नेमला: रिच रॉड्रिगेझ. ज्यांच्याकडून बूनची मंडळी शिकून आली होती, तेच. आणि ॲपलॅचन स्टेटने डेलावेअरला ४९-२१ हरवून तिसरं विजेतेपद घेतलं.

पण कोचचं खरं शिक्षण मला विजयातून मिळालं नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा सामन्यांच्या गोष्टी जिंकलेल्यांच्याच सांगितल्या जातात. मला त्यांनी हरलेले सामनेही तितक्याच मनापासून मांडायला लावले. २००५ मधला लुइझियाना स्टेटकडून ०-२४ असा गेलेला सामना आम्ही दोनदा पाहिला. पुढे मी भारतात परतलो. २०१२ च्या सप्टेंबरात सव्हॅना स्टेट या जॉर्जियातल्या छोट्या कृष्णवर्णीय विद्यापीठाने लागोपाठ दोन शनिवारी असे दोन सामने घेतले. ओक्लाहोमा स्टेटकडून ०-८४, फ्लोरिडा स्टेटकडून ०-५५; हा दुसरा तर हवामान बिघडल्यामुळे तिसऱ्या पावात थांबवावा लागला. दोन्ही मिळून साडेआठ लाखांच्या वर डॉलर. वर्तमानपत्रांनी त्या मुलांची टर उडवली. कोचची लांबलचक ईमेल आली. त्यांनी ८४-० चा सामना पूर्ण पाहून मांडला होता आणि सव्हॅनाच्या ज्या ज्या चालीत मुलांनी आपलं काम बिनचूक केलं, त्यांची यादी पाठवली होती. यादी लहान नव्हती. ते भोळसट नव्हते. या व्यवहारात मुलांची शरीरं विकली जातात, हे ते स्वच्छ म्हणत. कॉलेजच्या हिशेबात तो चेक येतो, मुलाच्या गुडघ्यात मात्र दुखणं येतं, हे त्यांना स्वतःच्या गुडघ्यावरून माहीत होतं. म्हणूनच त्या मुलांनी काय केलं ते कोणीतरी नीट पाहिलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

केंटकीतल्या सेंटर कॉलेजची गोष्ट ते फार रंगून सांगत. २९ ऑक्टोबर १९२१ ला, काहीशे विद्यार्थ्यांच्या त्या कॉलेजने हार्वर्डला हार्वर्डच्या मैदानात ६-० हरवलं. बो मॅकमिलिनचा एकच टचडाउन. विद्यार्थ्यांनी गावभर भिंतींवर रसायनशास्त्राचं सूत्र असावं तसं ‘सी सिक्स एच झीरो’ रंगवलं. आपल्याकडे कुठेतरी असं लिहायला भिंत मिळावी, असं मला त्या वेळी फार वाटायचं.

२०१४ मध्ये ॲपलॅचन स्टेट वरच्या गटात गेलं. त्याच वर्षी मिशिगनने पुन्हा बोलावलं आणि ५२-१४ ने हरवलं. कोच २०१९ मध्ये गेले. त्यामुळे २०२२ चा टेक्सस एअँडएमवरचा विजय त्यांनी पाहिला नाही. सहाव्या क्रमांकाचा संघ, १५ लाख डॉलरचा चेक, आणि १७-१४. मावशींनी मला त्या रात्री फोन केला. इथे पहाट होती. त्या नुसत्या हसत होत्या, आणि मग थोडं रडल्या.

आता मोठ्यांनी आणखी एक रस्ता उघडला आहे. खेळाडूंना मोसम संपताच कॉलेज बदलता येतं, जाहिरातींतून पैसे मिळतात, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं वर्षाला २ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम थेट खेळाडूंना वाटू शकतात. मुलांना पैसे मिळावेत, यात मला काही गैर दिसत नाही. आजवर त्यांच्या घामावर बाकी सगळे श्रीमंत झाले. पण आज अर्मांटी एडवर्ड्स बूनला आला असता, तर पहिल्या वर्षानंतरच एखाद्या मोठ्या विद्यापीठाने त्याला उचलला असता. लहानांनी हेरायचं, शिकवायचं, घडवायचं, आणि मोठ्यांनी तयार माल न्यायचा. याने मला खरा त्रास होतो. आणि तरी ७ सप्टेंबर २०२४ ला नॉर्दर्न इलिनॉयने पाचव्या क्रमांकाच्या नॉटर डेमला त्यांच्या मैदानात १६-१४ हरवलं, १४ लाख डॉलर घेऊन. मावशींचा संदेश आला: “तो आज खूश झाला असता.”

त्याच महिन्याच्या अखेरीस हेलीन वादळाचा पाऊस त्या डोंगरावर कोसळला. बूनचे रस्ते पाण्याखाली गेले, त्या आठवड्याचा ‘द रॉक’वरचा सामना रद्द झाला. मावशींचा फोन लागत नव्हता. शेवटी लागला तेव्हा त्या ठीक होत्या, शेजाऱ्यांकडे होत्या. तळघरात पाणी भरलं होतं. पिवळ्या वह्यांचं कपाट तिथेच होतं. एकेक वही उन्हात वाळत घालायचा प्रयत्न त्यांनी केला, पण बहुतेक पानांचा लगदा झाला होता. मला त्या परत परत “सॉरी, बेटा” अशा अर्थाचं काहीतरी म्हणत होत्या, जणू त्या वह्या माझ्या होत्या आणि त्यांनी सांभाळायला घेतल्या होत्या.

मी तालुक्याच्या एका महाविद्यालयात शिकवतो. आमच्या मुलींचा कबड्डीचा संघ आहे. समोर येणाऱ्या संघांत अकादमीत राहून मॅटवर रोज सराव करणाऱ्या मुली असतात. आमच्या मुली सकाळी गोठा आवरून एसटीने येतात आणि मातीवर खेळतात. क्रीडाशिक्षकांनी एकदा सहज विचारलं, आकड्यांचं काही करता येईल का. तेव्हापासून मोबाइलवरच्या चित्रणावरून तक्ते करतो: कोणती चढाईपटू कोणत्या कोपऱ्याकडे वळते, तिसऱ्या चढाईला काय करते, बोनस घेताना वजन कोणत्या पायावर असतं. मुलींनाच पेन्सिलीने भरायला लावतो. विभागीय फेरीत यंदाही हरलो, चांगल्याच गुणांनी. ती हार आम्ही अख्खी मांडली. मुलींनी जिथे जिथे काम बिनचूक केलं होतं, तिथे त्यांनी स्वतः खुणा केल्या.

परवा पुढच्या स्पर्धेची तयारी चालली होती. समोरच्या संघात राज्यपातळीवर खेळलेली एक चढाईपटू आहे. आजवर तिला आमच्यापैकी कोणी धरू शकलेलं नाही. डाव्या कोपऱ्यात खेळणारी मुलगी तक्त्यावर बोट ठेवून म्हणाली, “सर, हिच्यावर झेपावायचंच नाही म्हणताय. मग ती बोनस घेऊन जाईल.”

“घेऊ दे,” मी म्हणालो. “घेताना कुठे बघते, ते तू बघ. आणि लिही.”